अमेरिकेतल्या मतदारसंघांचे नवे नकाशे आणि मतदार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ मध्ये टेक्सास, कॅलिफोर्निया, मिझुरी, नॉर्थ कॅरोलायना, इंडियाना अशी एकेका राज्याच्या नकाशाची बातमी येत राहिली. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना आणि इकडून त्यांच्याशी फोनवर राजकारण बोलणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठल्या पक्षाला किती जागा, हे हिशेब सगळीकडे मिळतात. इथे भर आहे तो मतदारांनी काय केलं यावर. घडामोडी २०२५ अखेरपर्यंतच्या आहेत.

मुळात भांडण कशाचं आहे?

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, ४३५ जागा आहेत. दर दहा वर्षांच्या जनगणनेवरून कुठल्या राज्याला किती जागा ते ठरतं आणि मग राज्याने आपल्या हद्दीत तेवढे मतदारसंघ आखायचे. २०२० च्या जनगणनेनंतर एका मतदारसंघात सरासरी ७ लाख ६१ हजारांच्या आसपास माणसं येतात. इथवर कोणाची तक्रार नाही. भांडण आहे ते आखणार कोण यावर. बहुतेक राज्यांत हे काम विधिमंडळाकडे आहे, म्हणजे तिथे ज्याचं बहुमत त्या पक्षाकडे. त्याने रेघा आपल्या सोयीने ओढल्या की त्याला जेरीमँडरिंग म्हणतात. रिपब्लिकनांनी टेक्सासमध्ये केलं, डेमोक्रॅटांनी इलिनॉयमध्ये केलं. हात दोघांचेही काळे आहेत. मात्र २०२५ ची फेरी टेक्सासमधून सुरू झाली, हेही खरं.

जनगणना तर २०३० ला आहे. मग मधेच नकाशे कशाला बदलले?

मधे बदलू नयेत असा देशपातळीवर कायदा नाही, म्हणून. दशकातून एकदाच, हा बराचसा पाळत आलेला रिवाज होता. टेक्सासने तो २००३ मध्येही मोडला होता. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी टेक्सासमधून आणखी पाच जागा हव्यात असं उघड सांगितलं आणि गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी विशेष अधिवेशन बोलावलं. ३८ पैकी २५ जागा रिपब्लिकनांकडे होत्याच. नवा नकाशा ३० चा बेत करून आखला गेला. कारण लपवलेलं नव्हतं: २०२६ च्या मध्यावधी (राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर ठरलेल्या वेळी होणाऱ्या) निवडणुकीत प्रतिनिधीगृह हातचं जाऊ नये.

रेघा सरकवून निकाल बदलतो तो कसा?

दोन युक्त्या आहेत. एक कोंबण्याची: विरोधकांचे मतदार एकाच मतदारसंघात भरायचे. तिथे ते ८० टक्क्यांनी जिंकतात, पण शेजारच्या तीन जागा मोकळ्या होतात. दुसरी फोडण्याची: विरोधकांचं शहर तीन-चार तुकड्यांत कापायचं आणि प्रत्येक तुकडा आजूबाजूच्या ग्रामीण भागाला जोडायचा. नॅशव्हिल हे टेनेसीतलं डेमोक्रॅट शहर. २०२२ च्या नकाशात ते तीन मतदारसंघांत वाटलं गेलं. तिथले डेमोक्रॅट खासदार जिम कूपर यांनी पुन्हा उभंच राहायचं नाही असं ठरवलं आणि ती जागा रिपब्लिकनांकडे गेली. युटामध्ये सॉल्ट लेक काउंटीचे (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) चार तुकडे केले होते. राज्याच्या चारही जागा रिपब्लिकन.

पेन्सिल्व्हेनियाचा २०११ चा नकाशा आजही वर्गात दाखवायला काढतात. २०१२ मध्ये डेमोक्रॅटांना राज्यभरात निम्म्याहून थोडी जास्त मतं पडली आणि १८ पैकी ५ जागा मिळाल्या. त्यातला सातवा मतदारसंघ एवढा वाकडातिकडा होता की गूफी डोनाल्ड डकला लाथ मारतोय असं लोक म्हणायचे. त्याचे दोन भाग किंग ऑफ प्रशिया इथे एका रेस्टॉरंटच्या जागेपुरते जोडलेले होते. म्हणजे जेवायला बसलेला माणूस अख्ख्या मतदारसंघाची रुंदी अडवून बसायचा. २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकाशा रद्द केला आणि त्याच वर्षी निकाल ९–९ लागला.

मतदार चिडून सरकार पाडत का नाहीत?

हे पहिल्यांदा १८१२ मध्येच घडून गेलं. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी राज्य सिनेटच्या मतदारसंघांच्या अशाच नकाशावर सही केली, वर्तमानपत्राने त्यावर पालीसारख्या प्राण्याचं व्यंगचित्र छापलं आणि मतदारांनी गेरींना घरी बसवलं. पण नकाशा चोख काम करून गेला. गेरींच्या पक्षाला कमी मतं पडूनही सिनेटमध्ये २९ जागा मिळाल्या, विरोधकांना ११. गव्हर्नर अख्ख्या राज्यातून निवडला जातो, तिथे राग पोचतो. ज्या जागा आखून घेतलेल्या आहेत तिथे तोच राग वाटेत जिरतो. दोनशे वर्षांत या गणितात फारसा फरक पडलेला नाही.

सर्वोच्च न्यायालय काय करतंय?

हात झटकून मोकळं झालंय. २०१९ मध्ये रूचो खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला: पक्षीय फायद्यासाठी केलेली आखणी अन्यायकारक असू शकते, पण ती तपासणं केंद्रीय न्यायालयांचं काम नाही. वंशाच्या आधारावर मतदार वेगळे केले तर दाद मागता येते. पण मग राज्यं ‘आम्ही वंश बघितला नाही, पक्ष बघितला’ असं छातीठोक सांगतात. एकेकाळी हा कबुलीजबाब ठरला असता, आता तोच बचाव आहे. टेक्सासच्या नकाशाला नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने वंशाच्या मुद्द्यावर अडवलं होतं. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती देऊन नकाशा वापरायला वाट मोकळी केली.

राज्यांची न्यायालयं आपापल्या राज्यघटनेनुसार निकाल देऊ शकतात. म्हणूनच अनेक राज्यांत न्यायाधीशांच्या निवडणुकांना एकदम भाव आला आहे.

न्यायाधीशांना लोक निवडून देतात? आणि त्याचा नकाशाशी संबंध?

बऱ्याच राज्यांत देतात. विस्कॉन्सिनमध्ये २०२३ च्या एप्रिलमध्ये जॅनेट प्रोटासेविच यांनी प्रचारातच राज्याच्या विधिमंडळाचे नकाशे ‘रिग्ड’ (एका बाजूच्या फायद्यासाठी लबाडीने रचलेले) असल्याचं म्हटलं आणि त्या सुमारे ११ टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. डिसेंबरमध्ये न्यायालयाने ते नकाशे रद्द केले.

नॉर्थ कॅरोलायनात उलट झालं. तिथल्या न्यायालयाने २०२२ मध्ये पक्षीय नकाशा अडवला, न्यायालयाच्याच नकाशावर निवडणूक झाली आणि संसदेच्या जागा ७–७ अशा वाटल्या गेल्या. त्याच निवडणुकीत न्यायालयातलं बहुमत रिपब्लिकनांकडे गेलं. पुढच्या वर्षी नव्या बहुमताने जुना निकाल फिरवला, विधिमंडळाने पुन्हा नकाशा काढला आणि २०२४ मध्ये १०–४. मतदारांची मतं साधारण तीच होती. शिवाय त्या राज्यात गव्हर्नरला नकाशावर व्हेटो वापरता येत नाही आणि मतदारांना स्वतःहून सार्वमत मागता येत नाही. २०२५ मध्ये तिथे आणखी एक जागा रिपब्लिकनांकडे झुकवली गेली, तेव्हा विरोध करणाऱ्यांकडे पाट्या आणि भाषणं एवढंच होतं.

लोकांना जेरीमँडरिंग आवडतं की नाही, ते एका वाक्यात सांगा.

तत्त्व म्हणून नावडतं. आपल्या पक्षाने केलं तर चालवून घेतात. दोन वाक्यं झाली, पण एकात बसत नाही.

पाहणी कुठलीही घ्या, नकाशे पक्षांनी काढू नयेत असं म्हणणारे बहुसंख्य निघतात, दोन्ही पक्षांचे. २०१८ या एका वर्षात मिशिगन, कोलोरॅडो, मिझुरी, युटा आणि ओहायो अशा पाच राज्यांतल्या मतदारांनी आखणीच्या सुधारणांना कौल दिला. कोलोरॅडोत तर ७१ टक्क्यांच्या आसपास. पण प्रश्न ‘तुमच्या पक्षाच्या पाच जागा जाणार आहेत, मग?’ असा विचारला, की उत्तर बदलतं.

कॅलिफोर्नियाने स्वतःच नेमलेला आयोग बाजूला ठेवला, हे खरं का?

खरं आहे, आणि या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत बोलका भाग आहे.

२००८ आणि २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी दोन सार्वमतांत आखणीचं काम आमदारांकडून काढून १४ नागरिकांच्या आयोगाकडे दिलं. पाच डेमोक्रॅट, पाच रिपब्लिकन, चार दोन्हींपैकी कुठलेच नसलेले. तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी त्यासाठी जीव तोडून प्रचार केला होता. देशभर आदर्श म्हणून ज्याचं नाव घ्यावं असा हा आयोग.

टेक्सासचा बेत बाहेर येताच गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी ठरवलं की तिकडे पाच जातात तर इकडून पाच आणायच्या. पण आयोग लोकांनी नेमलेला, त्यामुळे लोकांनाच विचारणं भाग होतं. ऑगस्टमध्ये एका पाहणीत जवळपास दोन-तृतीयांश मतदारांनी आयोगच राहू द्या असं सांगितलं. ४ नोव्हेंबर २०२५ ला प्रस्ताव ५० वर मतदान झालं, तेव्हा सुमारे ६४ टक्के लोकांनी आयोगाचा नकाशा बाजूला ठेवून विधिमंडळाच्या नकाशाला होकार दिला.

लोक दुतोंडी आहेत असं म्हणून याची वासलात लावणं सोपं आहे. मला ते पटत नाही. प्रस्तावात आयोग मोडलेला नव्हता: नवे नकाशे २०३० च्या निवडणुकीपर्यंत, पुढच्या जनगणनेनंतर आखणी पुन्हा आयोगाकडे. प्रचाराचा सगळा रोख ट्रम्प आणि टेक्सासवर होता. बऱ्याच मतदारांच्या लेखी प्रश्न ‘नकाशे कोणी काढावेत’ हा नव्हताच. ‘समोरचा नियम पाळत नसताना आपण एकट्याने पाळायचा का’ हा होता. श्वार्झनेगर यांनी या वेळीही विरोध केला. दोन चुका मिळून एक बरोबर होत नाही, हा त्यांचा मुद्दा तर्काला धरून होता. मतपेटीत तो टिकला नाही.

याची किंमत कोणी मोजली तेही बघा. राज्याच्या ईशान्य टोकाला मोडॉक काउंटी आहे. गुरं पाळणाऱ्यांचा, विरळ वस्तीचा, पक्का रिपब्लिकन भाग. नव्या नकाशात ती सॅन फ्रान्सिस्कोला लागून असलेल्या श्रीमंत, डेमोक्रॅट मरिन काउंटीच्या मतदारसंघात गेली. मधे शेकडो मैल. पाणी, गवत, लांडगे असे प्रश्न घेऊन बसलेल्या तिथल्या माणसांनी ‘आमचा खासदार आमच्याकडे कशाला फिरकेल’ असं विचारलं. हाच प्रश्न टेक्सासमधल्या ऑस्टिनचे लोक वर्षानुवर्षं विचारत आलेत. तिथे फक्त पक्ष उलटा.

मतदारांनी उघडउघड पक्षपाती नकाशाला मान्यता दिल्याचं दुसरं उदाहरण आहे का?

मेरीलँड, २०१२. डेमोक्रॅटांनी काढलेल्या नकाशाविरुद्ध विरोधकांनी सह्या गोळा करून सार्वमत घडवून आणलं. नकाशा देशातल्या सर्वांत वाकड्या नकाशांत गणला जायचा. तरी ६४ टक्के मतदारांनी तो कायम ठेवला. मतपत्रिकेवर नकाशा नव्हता. जनगणनेनुसार मतदारसंघ आखणाऱ्या कायद्याला संमती आहे का, अशा धाटणीचा कोरडा मजकूर होता. ज्याने आधी काही वाचलेलं नाही तो होच म्हणणार.

मतपत्रिकेवरच्या शब्दांनी एवढा फरक पडतो?

ओहायोवाल्यांना विचारा. २०२४ मध्ये तिथे नागरिकांच्या आयोगाचा प्रस्ताव होता, तो मांडणाऱ्यांत राज्याच्या निवृत्त मुख्य न्यायाधीश मॉरीन ओकॉनर होत्या, त्याही रिपब्लिकन. जेरीमँडरिंग थांबवण्यासाठी आणलेल्या या प्रस्तावाच्या मतपत्रिकेवरच्या अधिकृत सारांशात, हा आयोग जेरीमँडरिंग करायला बांधील राहील अशा अर्थाचं वाक्य आलं. तो मजकूर रिपब्लिकन बहुमताच्या मंडळाने ठरवलेला होता. प्रचारातही गंमत अशी की दोन्ही बाजूंच्या फलकांवर ‘जेरीमँडरिंग थांबवा’ हेच लिहिलेलं. प्रस्ताव साधारण ५४ विरुद्ध ४६ ने पडला. एकाच हेतूने आलेले काही मतदार परस्परविरुद्ध बटणं दाबून गेले, यात मला शंका नाही.

टेक्सासमध्ये लोकांना विचारलं होतं का?

सुनावण्या झाल्या. जुलै २०२५ च्या अखेरीस ऑस्टिन, ह्यूस्टन आणि आर्लिंग्टन इथे. लोक रांगा लावून आले, बोलणारे बहुतेक सगळे विरोधात. अडचण एवढीच की तेव्हा नकाशा प्रसिद्धच झालेला नव्हता. तो या सुनावण्या उरकल्यावर, ३० जुलैला बाहेर आला. जे पाहिलेलंच नाही त्याच्यावर हरकत कशी घ्यायची, असं लोक समितीलाच विचारत होते.

मग ३ ऑगस्टला पन्नासहून अधिक डेमोक्रॅट आमदार राज्य सोडून गेले, बरेचसे इलिनॉयला. कोरम (किमान उपस्थिती) नाही तर कामकाज नाही. रोज ५०० डॉलर दंड, अटकेची वॉरंटं. दोनेक आठवड्यांनी ते परतले, तेव्हा बाहेर जायचं तर पोलीस सोबत घेऊन जाण्याच्या कागदावर सही करा असं फर्मान निघालं. फोर्ट वर्थच्या आमदार निकोल कोलियर यांनी सही नाकारली आणि सभागृहातच रात्र काढली. आपल्या खुर्चीत पाय वर घेऊन, ब्लँकेट ओढून. तो फोटो देशभर गेला. नकाशा २० ऑगस्टला ८८ विरुद्ध ५२ ने मंजूर झाला.

टेक्सासमध्ये मतदारांना सह्या गोळा करून कायदा सार्वमताला टाकता येत नाही. माझ्या मते सगळ्या फरकाचं मूळ इथे आहे. राग टेक्सासमध्येही होता आणि मिझुरीतही. मिझुरीत तो कागदावर उतरवायची सोय आहे.

मिझुरीत काय झालं?

सप्टेंबर २०२५ मध्ये कॅन्सस सिटी फोडणारा नकाशा मंजूर झाला, निशाणा होता डेमोक्रॅट खासदार इमॅन्युएल क्लीव्हर यांची जागा. राज्यघटनेनुसार ठरावीक सह्या जमल्या तर विधिमंडळाचा कायदा लोकांपुढे न्यावा लागतो. एक लाखाच्या थोड्या वर सह्या पुरे होत्या. डिसेंबरमध्ये तीन लाखांहून जास्त दाखल झाल्या. सह्या जमा झाल्याबरोबर नकाशा थांबतो की तपासणी पूर्ण झाल्यावर, यावर लगेच वेगळं भांडण जुंपलं. सह्यांची सोय आहे म्हणून सत्ताधारी ती निमूट चालू देतील असं नाही.

लोकांनी कौल दिला, विधिमंडळाने तो फिरवला, असं होतं का?

सर्रास. मिझुरीच्याच मतदारांनी २०१८ मध्ये राज्य विधिमंडळाच्या मतदारसंघांची आखणी तटस्थ तज्ज्ञाकडे देण्याला ६२ टक्के मतं दिली. दोन वर्षांनी आमदारांनी नवी दुरुस्ती लोकांपुढे ठेवली: लॉबीवाल्यांकडून पाच डॉलरपर्यंत भेटवस्तू घेता येते, ती मर्यादा शून्य करू. ऐकायला छान. त्याच दुरुस्तीत आखणीची सुधारणाही रद्द केलेली होती. ५१ टक्क्यांनी मंजूर.

युटात २०१८ चा प्रस्ताव अगदी काठावर, ५०.३ टक्क्यांनी पास झाला होता. विधिमंडळाने तो मोडीत काढून आयोगाला नुसतं सल्लागार करून टाकलं. प्रकरण न्यायालयात गेलं, २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरकारात सुधारणा करण्याचा लोकांचा हक्क विधिमंडळाला असा पुसून टाकता येणार नाही, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी सॉल्ट लेक एकसंध ठेवणारा नकाशा निवडला. कौल २०१८ चा, त्याला फळ धरायला सात वर्षं लागली.

इंडियानाच्या रिपब्लिकनांनी आपल्याच पक्षाला नाही म्हटलं, ते कसं?

नऊपैकी नऊ जागा मिळवून देणारा नकाशा तयार होता, इंडियानापोलिसचे चार तुकडे करून. व्हाइट हाउसचा दबाव, उपराष्ट्राध्यक्षांच्या फेऱ्या, उमेदवारी कापण्याच्या धमक्या. राज्याच्या काही सिनेटरांच्या घरी खोटे कॉल करून पोलीस पाठवण्यापर्यंत मजल गेली. ११ डिसेंबर २०२५ ला राज्याच्या सिनेटने ३१ विरुद्ध १९ ने प्रस्ताव फेटाळला. विरोधात मत देणाऱ्यांत २१ रिपब्लिकन.

तिथेही मतदारांना सार्वमत मागण्याची सोय नाही. पण अनेक सिनेटरांनी सांगितलं की आपल्या भागातून आलेल्या फोन-पत्रांत नकाशा नको म्हणणारे जास्त होते. लहान मतदारसंघ, आठवडी बाजारात भेटणारा आमदार, आणि वॉशिंग्टनचं फर्मान म्हटल्यावर उठणारी आठी, या सगळ्याचा तो परिणाम असावा. धमक्या देणाऱ्यांनी आपलंच काम बिघडवलं, असंही म्हणायला जागा आहे.

स्वतंत्र आयोग आला की प्रश्न मिटतो का?

मिशिगनची गोष्ट इथे सांगायला हवी, तिला मराठी धागाही आहे. २०१६ च्या निवडणुकीनंतर केटी फेही या विशीतल्या तरुणीने फेसबुकवर, मला मिशिगनमधल्या जेरीमँडरिंगचं काहीतरी करायचंय, कोणी येतंय का, अशा अर्थाची पोस्ट टाकली. त्यातून स्वयंसेवकांनी चार लाखांहून जास्त सह्या जमवल्या आणि २०१८ मध्ये ६१ टक्के मतांनी १३ जणांचा नागरिक आयोग अस्तित्वात आला. अर्जदारांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेला.

आयोगाने नकाशे काढले आणि डेट्रॉइटमध्ये नाराजी उसळली. कृष्णवर्णीयांची दाट वस्ती उपनगरांशी लांबट पट्ट्यांत जोडली गेली होती. २०२२ मध्ये अशाच नव्या तेराव्या मतदारसंघात डेमोक्रॅट प्राथमिक फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) इच्छुकांची गर्दी झाली, मतं विभागली आणि सुमारे २८ टक्के मतांवर श्री ठाणेदार पुढे आले. बेळगावात वाढलेले, उद्योजक, अस्खलित मराठी बोलणारे ठाणेदार संसदेत गेले याचा इकडे केवढा आनंद झाला! त्याच निकालामुळे १९५० च्या दशकानंतर पहिल्यांदा डेट्रॉइटमधून एकही कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. तिथल्या अनेक मतदारांना हे लागलं, आणि दोष त्यांनी ठाणेदारांइतकाच नकाशाला दिला. २०२३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने त्याच आयोगाचे डेट्रॉइट भागातले राज्य विधिमंडळाचे १३ मतदारसंघ वंशाच्या आधारे आखल्याचं ठरवून रद्द केले.

म्हणजे आयोगामुळे पक्षांची मुजोरी कमी होते. पण रेघ कुठेतरी ओढावीच लागते, आणि कुणाचं तरी गाव, मोहल्ला, समाज दोन बाजूंना जातोच.

रेघ दारातून गेली तर रोजच्या आयुष्यात काय फरक पडतो?

ग्रीन्सबरो, नॉर्थ कॅरोलायना. तिथे ए अँड टी हे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं मोठं, जुनं विद्यापीठ आहे. २०१६ च्या नकाशात सहाव्या आणि तेराव्या मतदारसंघांची सीमा कॅम्पसमधल्या लॉरेल स्ट्रीटवरून नेली होती. रस्त्याच्या या बाजूच्या वसतिगृहाचा एक खासदार, त्या बाजूच्या वर्गांचा दुसरा. वसतिगृह बदललं की मतदारसंघ बदलला, पत्ता पुन्हा नोंदवा. विद्यार्थ्यांना मतपत्रिकेवर कोण असणार हे समजावून सांगण्यातच कार्यकर्त्यांचा वेळ जायचा. दोन्ही जागा रिपब्लिकनांकडे. विद्यार्थ्यांनी मोर्चे काढले, रस्त्यावर उभं राहून ती सीमा लोकांना दाखवली. २०१९ मध्ये राज्यातल्या न्यायालयाच्या आदेशानंतर नकाशा बदलला आणि कॅम्पस पुन्हा एका मतदारसंघात आला.

निकाल ठरलेलाच असेल तर लोक मतदान सोडून देतात का?

काही सोडतात, काही चिडून हमखास येतात. अभ्यासकांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. ठामपणे सांगता येतं ते असं की खऱ्या लढतीच्या जागा थोड्या उरल्या आहेत, ४३५ पैकी दहा टक्क्यांच्या आसपास. बाकी ठिकाणी खासदार ठरतो पक्षाच्या प्राथमिक फेरीत, जिथे मोजके आणि कडवे लोक मत द्यायला येतात. याला नकाशे एकटे जबाबदार नाहीत. एका विचाराची माणसं एकाच भागात राहायला जाण्याचाही यात वाटा आहे.

आपल्याकडे असं होतं का?

लोकसभेच्या बाबतीत चित्र वेगळं आहे. सीमा आखतो परिसीमन आयोग. त्यात सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश आणि निवडणूक आयोगाचे लोक असतात. खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, पण त्यांना मत नसतं. राज्यनिहाय जागांची संख्या १९७६ पासून गोठवलेली आहे आणि २०२६ नंतरच्या जनगणनेपर्यंत ती तशीच राहील अशी घटनेत तरतूद आहे. त्यामुळे आपल्याकडचा वाद सध्या राज्याराज्यांत आहे, कोणाच्या जागा वाढणार यावर.

अमेरिकेच्या जवळ जाणारा अनुभव हवा असेल तर महापालिकेची प्रभाग रचना आठवा. मुंबईचे प्रभाग महाविकास आघाडीच्या काळात २२७ वरून २३६ करायचं ठरलं, २०२२ मध्ये सरकार बदललं आणि पुन्हा २२७. सरकार बदललं की रचना बदलते, हरकती-सूचना मागवतात, आणि इच्छुक उमेदवार कुठली सोसायटी कुठे गेली ते नकाशावर बोट ठेवून बघत बसतात. टेक्सासच्या सुनावण्या कळायला मराठी माणसाला एवढं पुरे.

मी एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर आहे. माझा काय संबंध?

मत देता येत नाही, पण मोजले जाता. जागांचं वाटप आणि मतदारसंघांची आखणी एकूण लोकसंख्येवर होते, नागरिक असोत वा नसोत. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या ठिकाणी भारतीयांची वस्ती आहे, तिथल्या मतदारसंघाच्या आकड्यात तुम्ही आणि तुमची मुलं आहातच. जिथे सुनावण्या होतात तिथे बहुधा रहिवासी म्हणून बोलताही येतं. कॅलिफोर्निया आणि मिशिगनच्या आयोगांनी तर, तुमचा समाज कुठून कुठपर्यंत राहतो ते सांगा, असं लोकांना मुद्दाम विचारलं होतं.

माझा मतदारसंघ बदलला का, ते कुठे बघायचं?

राज्याच्या निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावर पूर्ण पत्ता टाकून. नुसत्या झिप कोडवर विसंबू नका, एकाच झिपमध्ये दोन मतदारसंघ असू शकतात. प्राथमिक फेरीच्या आधी बघा, नोव्हेंबरमध्ये नको. नकाशा न्यायालयात अडकलेला असेल तर नोंदणी करताना एकदा आणि मतपत्रिका हातात आल्यावर पुन्हा एकदा.

नकाशा काढणाऱ्यांवरच उलटू शकतो का?

शकतो. जास्त जागा मिळवायच्या तर आपले मतदार पातळ पसरावे लागतात. वारं थोडं फिरलं की सुरक्षित म्हणून आखलेल्या जागा एकदम डळमळतात. १९९० च्या दशकात जॉर्जियात डेमोक्रॅटांचं असंच झालं. स्वतःच्या सोयीने काढलेल्या नकाशावर त्यांनी जागा गमावल्या. टेक्सासच्या नव्या पाच जागांपैकी काही दक्षिणेकडच्या लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मतदारांवर उभ्या आहेत. २०२४ मध्ये ते मोठ्या प्रमाणात ट्रम्प यांच्याकडे वळले होते. ते तिथेच थांबतील हे धरून रेघा ओढल्या आहेत, आणि ते कोणी त्यांना विचारलेलं नाही.